शिवनेरीवरचं होकायंत्र

मंडळी, आज माझ्याच एका जुन्या चुकीबद्दल लिहितोय.

१९८४ सालची गोष्ट. मी तेव्हा आंबेगाव तालुक्यात मास्तर होतो. सातवीची पोरं घेऊन शिवनेरीला गेलो होतो. गडाच्या माथ्यावर एका पोराने जत्रेत घेतलेलं होकायंत्र काळ्या कातळावर ठेवलं आणि तो ओरडला, "गुरुजी, उत्तर हलली!" खरंच, हातात उचललं की सुई नीट उत्तरेला, कातळावर टेकवलं की भलतीकडे. मी म्हणालो, "जत्रेतला माल तो, बिघडलाय. ठेव खिशात." पोरं हसली. तो गप्प झाला.

निवृत्तीनंतर आपल्या सह्याद्रीच्या दगडाविषयी वाचत बसलो, तेव्हा कळलं की बिघाड होकायंत्रात नव्हता, गुरुजींच्या ज्ञानात होता.

आपला काळा पाषाण म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा थंड झालेला लाव्हा. त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा निवत असताना या कणांचं चुंबकत्व पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकीय दिशेला धरून बसतं आणि दगडात तसंच गोठतं. वर वीज पडली तर वरचा कातळ आणखी जोरात चुंबकतो. जवळ ठेवलेली सुई अशा दगडाने ओढली जाते. म्हणून शास्त्रज्ञ नुसतं होकायंत्र टेकवून थांबत नाहीत. दगडाची दिशा नोंदवून तुकडा काढतात आणि प्रयोगशाळेत नंतर चढलेलं चुंबकत्व उतरवून मूळची खूण वाचतात.

ही खूण दोन गोष्टी सांगते. सुई किती कललेली आहे त्यावरून अक्षांश कळतो, कारण विषुववृत्तावर ती आडवी असते आणि ध्रुवावर उभी. सुई कुठे वळलेली आहे त्यावरून जमीन किती फिरली ते कळतं. १९५६ साली लंडनच्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या दगडांवरचं असं काम प्रसिद्ध केलं. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही ते झालं. पुष्कळ थरांत तर उत्तर-दक्षिण चक्क उलटी निघाली, कारण तेव्हा पृथ्वीचं चुंबकत्वच उलटं होतं. तो हिशेब सरळ करून घेतला की उत्तर येतं ते असं: हा लाव्हा निवला तेव्हा आपलं जुन्नर विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २८ अंशांवर होतं. आज ते उत्तरेला १९ अंशांवर आहे. म्हणजे पाच हजार किलोमीटरचा प्रवास! आणि वाटेत सगळा भारत घड्याळाच्या उलट दिशेने सुमारे २५ अंश वळला.

अख्खा देशच वळतो असं नाही. मोठ्या प्रस्तरभंगाच्या कडेला जमिनीचे तुकडेही गरगरतात. कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियास प्रस्तरभंगाजवळचा एक डोंगरपट्टा जवळजवळ ९० अंश फिरला आहे. तेही तिथल्या दगडांतल्या अशाच खुणांनी सांगितलं.

नाणेघाटातला सातवाहनांचा लेख मी वर्षानुवर्षं पोरांना दाखवत आलो. ज्या कातळावर तो कोरलाय, त्या कातळाचाही स्वतःचा लेख आहे, हे मात्र कधी ध्यानात आलं नाही.

गेल्या आठवड्यात त्या विद्यार्थ्याचा नंबर मिळवून फोन केला. आता तो पन्नाशी ओलांडलेला बागायतदार आहे. सगळं सांगितलं आणि म्हणालो, "तुझं होकायंत्र चांगलं होतं रे." तो जरा थांबला आणि हसून म्हणाला, "गुरुजी, मी ते गड उतरताना दरीत फेकून दिलं."

यावर मी काय बोलणार?

असो. दिवाळीनंतर आम्ही दोघं शिवनेरीवर जाणार आहोत. होकायंत्र मी घेऊन ठेवलंय.