ओव्हरटेकची माफी

ओव्हरटेक करताना गाडीचा वेग क्षणभर मर्यादेपलीकडे गेला तर त्याला गुन्हा म्हणू नये, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. चालवणारा नवशिका असेल तर आणखी सांभाळून घ्यावं, असंही वाटायचं. भिलाईतल्या ओळखीच्या मंडळींत या विषयावर मी तावातावाने बोललो आहे. आज तेच मत खोडून काढायला बसलोय, तर आधी ते मत मुळात काय होतं ते नीट सांगायला हवं, कारण ते अगदीच खुळचट नव्हतं.

मी आयुष्यभर पोलाद कारखान्यात काम केलं, त्यामुळे आकडेमोड केल्याशिवाय चैन पडत नाही. दुर्गहून बालोद, दल्ली राजहऱ्याकडे जाताना दुभाजक नसलेला रस्ता डोळ्यांपुढे आणा. 2018 च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे अशा रस्त्यावर कारला 70 आणि ट्रकला 60 ची कमाल मर्यादा. दोघेही कायद्याने चालले तर फरक ताशी 10 किलोमीटरचा. ट्रकची लांबी, पुढचं-मागचं अंतर धरून साधारण 45 मीटर जास्त कापायचे, म्हणजे सोळा सेकंद आपण चुकीच्या बाजूला. तेवढ्यात आपण 315 मीटर जातो, समोरून येणारी कार तेवढीच. एकूण 630 मीटर रस्ता मोकळा हवा. आमच्या भिलाईत तयार होणारे 260 मीटरचे जवळजवळ अडीच रूळ. तोच वेग 90 केला तर साडेपाच सेकंदांत काम होतं आणि 240 मीटर पुरतात. मग वेग वाढवणारा जास्त शहाणा नाही का? मी हे कागदावर मांडून लोकांना दाखवायचो, आणि समोरचा गप्प व्हायचा.

मग मुलाचं चालान आलं. त्याचं म्हणजे माझं, कारण गाडी माझ्या नावावर आणि मेसेज माझ्या मोबाइलवर. नवं लायसन्स, भिलाईतून जाणाऱ्या जी. ई. रोडवर ट्रकला मागे टाकताना वेग जास्त. "बाबा, तो रेंगत होता, अर्ध्यात कसा थांबू?" मी मान डोलावली आणि पैसे भरले. खरं सांगायचं तर थोडं कौतुकच वाटलं, पोराचा हात बसला म्हणून. हा तोच मी, जो मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाने पोर्श चालवून दोघांचा जीव घेतला आणि त्याला 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा टीव्हीसमोर "बापाला आत टाका" म्हणून ओरडत होतो. मुलगा अल्पवयीन असेल तर बापाला खरंच आत टाकण्याची सोय कायद्यात आहे: कलम 199अ, तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 दंड. अठरा पूर्ण झाली की ती जबाबदारी सुटते आणि बाप नुसता पैसे भरणारा उरतो.

दंड भरूनही माझा हेका कायम होता. ओव्हरटेकसाठी काही सवलत असेलच, या खात्रीने मी मोटार वाहन कायदा काढून बसलो. सवलत नव्हती. 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने वेगाचा दंड 400 वरून कारसाठी 1,000 ते 2,000 वर नेला, हे ठाऊक होतं. पण कलम 184, धोकादायक ड्रायव्हिंगचं, मी कधी वाचलंच नव्हतं. त्यात नियमाविरुद्ध केलेला ओव्हरटेक सिग्नल तोडण्याच्या आणि उलट दिशेने गाडी घालण्याच्या पंगतीला बसवलाय. पहिल्याच वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा 1,000 ते 5,000 दंड, किंवा दोन्ही. मी ज्याला सबब समजत होतो, त्याने गुन्हा जास्तच गंभीर होऊ शकतो.

तिथे माझा कागद पुन्हा उघडला. आकडे बरोबर होते, पण प्रश्न चुकीचा विचारला होता. 630 मीटर मोकळा रस्ता दिसत नसेल तर ओव्हरटेक करायचाच नाही, हे उत्तर माझ्या हिशोबात कुठेच नव्हतं. न दिसणारा रस्ता ॲक्सिलरेटरने भरून काढायचा, एवढंच मी लोकांना शिकवत होतो. शिवाय 70 चे 90 झाले की धडकेतली ऊर्जा पासष्ट टक्क्यांनी वाढते. हे मला, कारखान्यातल्या माणसाला, कोणी सांगायची गरज नव्हती. समोरच्या गाडीचा वेग नजरेने जोखणं हे नवशिक्याला सगळ्यात कमी जमतं. आणि जी. ई. रोडला तर दुभाजक आहे! समोरून कोणी येतच नाही, मग चुकीच्या बाजूला कमी वेळ राहण्याचा युक्तिवाद तिथे लागूच होत नाही.

आता मला दंडापेक्षा लायसन्स जाणं योग्य वाटतं. कलम 206 प्रमाणे पोलिस ते जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात, आणि कलम 19 प्रमाणे पहिल्या वेळी तीन महिने ते बंद होऊ शकतं, वर उजळणीचं प्रशिक्षण. पण त्यासाठी पोलिसाने गाडी थांबवायला हवी. कॅमेरा फक्त नंबर प्लेट ओळखतो आणि मालकाला मेसेज पाठवतो. इंग्लंडमध्ये 1997 पासून पहिल्या दोन वर्षांत सहा पॉइंट झाले की नव्या चालकाचं लायसन्स रद्द, दोन्ही परीक्षा पुन्हा. वेगाच्या एका गुन्ह्याला किमान तीन पॉइंट, म्हणजे दुसऱ्या चुकीला खेळ खलास. आपल्याकडे शिकाऊ लायसन्स काढून महिना झाला की टेस्ट देता येते, आणि एकदा पास झाल्यावर विशीतल्या मुलाला चाळिशीपर्यंतचं लायसन्स मिळतं. नव्या माणसाच्या हाती कारखान्यातली क्रेन आम्ही इतक्या सहज दिली नसती.

कैदेबद्दल मात्र मी अजून साशंक आहे. केवळ ओव्हरटेक चुकला, कोणाला खरचटलंही नाही, आणि न्यायाधीशाने कैद द्यायची ठरवली तर सहा महिन्यांपेक्षा कमी देता येत नाही, हे मला जाचक वाटतं. एवढी मोठी शिक्षा समोर असली की शेवटी दंडावरच निभावून नेलं जाणार, असा माझा अंदाज.

मुलाला यातलं फारसं पटलेलं नाही. गाडीची किल्ली काही दिवस माझ्याकडे राहील म्हटल्यावर तो म्हणाला, "ठीक आहे, पण उजवी लेन अडवून चाळीसने चालणाऱ्या ट्रकवाल्याचं काय?" त्यात त्याचं काही चुकत नाही. तशा ट्रकचं चालान कटलेलं मी अजून पाहिलेलं नाही.