रिकाम्या खोलीतील वारा

गेल्या पावसाळ्यातील एक रात्र. धर्मग्रामातील एका वृद्ध मातेस रुग्णाभ्यंग संस्कार देण्यासाठी आम्ही शहरातील एका इस्पितळात गेलो होतो. परतताना शस्त्रक्रियागृहांपाशी आमची पावले थबकली. चार खोल्या, चारही अंधारात. आत ना रुग्ण, ना शल्यविशारद. तरीही छतातून वाऱ्याचा घोष अखंड चालू होता.

रात्रपाळीच्या तंत्रज्ञास आम्ही कारण विचारले. "फादर, यंत्र बंद केले आणि जंतू शिरले, तर जबाबदार कोण?" तो म्हणाला.

त्याची भीती निराधार नव्हती. शस्त्रक्रियागृहातील हवा तासाला किमान २० वेळा बदलावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. गाळलेल्या हवेचा दाब आत अधिक ठेवतात, म्हणून बाहेरची धूळ आत येत नाही. आपल्या किनाऱ्यावरील दमट हवेत यंत्रणा पूर्ण बंद ठेवली, तर भिंतींना बुरशी धरण्याचेही भय.

मग उपाय कोणता? बंद करणे नव्हे, मंद करणे. पंख्याची गती निम्मी केली, की त्यास लागणारी वीज गणिताने एक-अष्टमांशावर येते. हवा थंड व कोरडी करण्याचा खर्च वाचतो तो वेगळाच. अमेरिकेतील 'ॲशरे' या अभियंत्यांच्या संस्थेचे १७० क्रमांकाचे मानकही खोली रिकामी असताना अशी घट मान्य करते. अट एवढीच, की दाबाची दिशा पालटू नये आणि गरज पडताच पूर्ण वारा सुरू करता यावा. तातडीच्या रुग्णासाठी एखादी खोली सदैव सज्ज ठेवावी, हे ओघाने आलेच.

आठवड्याचे तास १६८. रोज ८ तास, असे ६ दिवस शस्त्रक्रिया चालल्या, तरी ४८ तासच भरतात. उरलेले १२० तास तो वारा कोणासाठी वाहतो?

खाली त्या मातेचा मुलगा बिलाचा कागद पुन्हा पुन्हा वाचत बसला होता. त्या कागदावर विजेची ओळ नव्हती. पण इस्पितळाचा प्रत्येक खर्च अखेर रुग्णाच्याच खिशाशी येऊन ठेपतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही इस्पितळाच्या व्यवस्थापकांना पत्र लिहिले. जंतुसंसर्ग रोखणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन प्रथम एकाच खोलीत प्रयोग करावा, एवढीच विनंती केली. पत्र टपालात टाकून मंदिरात आलो, तो मिस्सा संपून तासभर झालेला आणि रिकाम्या बाकांवर सारे पंखे गरगरत होते. मुकाट्याने आम्ही एकेक बटण बंद केले.