एरर दिसली तर बरं, गप्प बसली तर अवघड

मी साताऱ्याचा, नोकरी सांगलीत. काम म्हणजे सहकारी संस्थांचा जुना डेटाबेस नव्यावर आणायचा. लोकांना वाटतं, कॉपी-पेस्ट केलं की झालं. तसं नसतं राव.

एसक्यूएल ही भाषा एकच, पण तिच्या बोली वेगळ्या. ओरॅकलची क्वेरी पोस्टग्रेसवर चालवली की आधी एररांची रांग लागते. एनव्हीएल कळत नाही, तिथं कोअलेस लिहायचं. सिसडेट, रोनम तिथं नाहीतच. पण ही कामं सोपी. कुठं अडलंय ते मशीनच सांगतं.

खरा घोळ एरर न येणाऱ्या ओळीत असतो. एका पतसंस्थेत (नाव नको) टेस्टिंग चालू होतं. १८० दिवसांची एक लाखाची ठेव, दर ९ टक्के. व्याज यायला हवं ४,४३८ रुपये. आलं शून्य! सूत्र तेच, क्वेरी तीच, एरर काही नाही. तिथल्या कारकून ताईंनी कॅल्क्युलेटरवर हिशेब मांडला म्हणून सापडलं.

कारण साधं आहे. सूत्रात १८० भागिले ३६५ आधी होत होतं. ओरॅकल उत्तर देतं ०.४९. पोस्टग्रेस दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकातच देतं, म्हणजे शून्य. ३६५ च्या जागी ३६५.० लिहिलं, प्रश्न मिटला. पण ठेव ४०० दिवसांची असती तर? एका वर्षाचंच व्याज, ९,००० रुपये आले असते. हवे होते ९,८६३. शून्य डोळ्यात खुपतं, ९,००० कुणाच्या लक्षात येणार?

दुसरं उदाहरण वारसाचं. ओरॅकल रिकामी जागा आणि 'नल' एकच मानतं, पोस्टग्रेस मानत नाही. त्यामुळे 'वारस न नोंदवलेले सभासद' अशी यादी काढली, तर नव्या नोंदींपैकी रिकाम्या रकान्याची माणसं त्यात येतच नाहीत. यादी छोटी दिसते, साहेब खूश!

हे आता गावागावात येणार आहे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ६३,००० विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. चांगलंच आहे, व्हायलाच पाहिजे. पण जुना हिशेब नव्या मशीनवर चढवताना ताळा कोण घेणार?

म्हणून वार्षिक सभेत लाभांश किती एवढंच विचारून गप्प बसू नका. जुनी-नवी सिस्टिम काही दिवस बरोबर चालवली का, दोन्हीकडचं व्याज जुळलं का, हेही विचारा. आणि आपलं पासबुक एकदा कॅल्क्युलेटर घेऊन तपासा. पैसे आपलेच आहेत.