आजीचें जातें

आमची आजी गात असे, असें तिच्यासमोर कोणीं म्हटलें असतें तर तिला तें रुचलें नसतें. गाणें हा तमासगिरांचा आणि भजनी मंडळींचा प्रांत, अशी तिची समजूत. ती आपली दळत असे. दळतांना तोंडांत ओवी येई, एवढेंच. दिवसाउजेडीं तिला ओवी म्हणावयास सांगितली तर ‘आठवत नाहीं’ असें ती सांगे, आणि तें खोटें नसे. खुंट्याला हात लागल्याखेरीज तिला ओवी सुचतच नसे.

आमचें गांव कासारसाई. मुळशी तालुक्याच्या उत्तर कडेला, मावळाला खेटून तें आहे. आज तेथें धरणाचें पाणी पसरलेलें आहे, जवळच साखर कारखाना आहे, आणि हिंजवडीच्या कचेऱ्यांतील माणसें सुटीच्या दिवशीं हवा खाण्यास येतात. मी सांगतों आहे तो काळ गांवांत पिठाची गिरणी येण्यापूर्वींचा.

जात्यावर बहुधा दोघी समोरासमोर बसत. खुंटा एक, हात दोघींचे; एक वैरण घाली, दुसरी ओवी उचली. पहाटेच्या अंधारांत एकमेकींचें तोंड दिसत नसे, हें फार सोयीचें होतें. सासरीं जें बोलावयाचें नाहीं, तें गावयास हरकत नसे. शेजारची एक सून आजीबरोबर दळावयास येई. तिला दोन वर्षें माहेरीं धाडलें नव्हतें. ती भावाची ओवी सुरू करी आणि मध्येंच थांबे. आजी थोडा वेळ नुसतें जातें फिरवी, आणि मग उत्तराची ओवी म्हणे. ती कधीं धीराची असे. कधीं मात्र लेकीची वाट पाहणाऱ्या आईची असे, आणि ती भिंतीपलीकडे सासूला ऐकूं जाईल इतक्या वरच्या आवाजांत निघे. त्या सासूलाही लेक होती. सांगितलें कोणींच नाहीं, ऐकलें मात्र सर्वांनीं. आणि त्या दिवाळींत मुऱ्हाळी आला, तेव्हां त्याला रिकामें परतावें लागलें नाहीं.

आमच्या घरांतही एकदां तसाच प्रसंग आला. माझे वडील आणि चुलते यांचें वांटणीवरून बिनसलें आणि बोलणें बंद झालें. आजीनें दोघांपैकीं कोणालाही एक अक्षर विचारलें नाहीं. तीन-चार पहाटे ती राम-लक्ष्मणाच्या ओव्या गात राहिली, आणि त्यांतील एकीवर पुनःपुन्हां येऊन घोटाळली. ओसरीच्या दोन टोकांना दोघे भाऊ पांघरूण ओढून जागे पडलेले असत. हें मला ठाऊक आहे, कारण मीही जागा असें. वांटणी टळली नाहीं. ओवीनें वांटण्या टळतात असें मानण्याइतकी आजी भाबडी नव्हती. पण विहीर तेवढी वांटली गेली नाहीं.

स्त्रियांच्या या गाण्याचा उल्लेख फार जुना आहे. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत, महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात, असें सांगितलें आहे. ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील टीका ओवींतच लिहिली. आजीला हें कोणीं सांगितलें असतें तरी तिला नवल वाटलें नसतें. जनाबाईबरोबर प्रत्यक्ष देव दळावयास बसतो, तेथें ज्ञानेश्वरांनीं ओवी घेतली तर त्यांत विशेष तें काय!

गांवांत गिरणी आली, तेव्हां आमच्या आळींतला पहिला डबा आजीनेंच धाडला. हल्लीं जात्याविषयीं गहिंवरून लिहिणारे पुष्कळ आहेत; त्यांपैकीं कितीजणांनीं पायलीभर नाचणी दळून पाहिली आहे, कोण जाणे! “आतां ओव्या कुठं म्हणशील?” असें मीं विचारलें, तेव्हां तिनें घट्टे पडलेला तळहात माझ्यापुढें धरला. “गाणं गेलं तर जाऊं दे पोरा, खांदा तरी र्‍हायला.” पण त्यानंतर ती बरीच अबोल झाली, हेंही खरें. गिरणीच्या इंजिनापुढें दोन बायकांना एकमेकींचा शब्द ऐकूं येत नसे. शेजारची सून डबा ठेवून निघून जाई.

पुढें हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनीं मुळशीच्या डोंगराळ भागांतून आणि मग महाराष्ट्रांतील हजाराहून अधिक गांवांतून एक लाखावर ओव्या जमविल्या. एवढें मोठें काम आपल्या विद्यापीठांनाही सुचलें नव्हतें. २०१७ पासून त्या ओव्या ‘पारी’ या संकेतस्थळावर प्रसिद्ध होऊं लागल्या. आमची आजी त्यांत नाहीं; ती त्यापूर्वींच गेली. तरीही एका रात्रीं ऐकतां ऐकतां मी थबकलों. दोन भावांची जी ओवी आजीनें खास आमच्या घरासाठीं रचली असें मी जन्मभर समजत होतों, तीच एक अनोळखी बाई कोठल्याशा दूरच्या गांवीं सहज म्हणत होती. क्षणभर मला कांहीं हिरावल्यासारखें झालें. मग ती सबंध पहाट आठवली. ओवी तिची नव्हतीच. तिनें ती निवडली होती. डोक्यांत असलेल्या शेंकडों ओव्यांतून त्या पहाटे, त्या दोघांसाठीं, नेमकी तीच. ही निवड ती दळतां दळतां कशी करीत असे, हें तिला विचारलें असतें तर “जातंच सुचवतं” असें म्हणून तिनें मला वाटेला लावलें असतें.

विहीर अजून दोन्ही घरांच्या नांवावर आहे. उन्हाळ्यांत पंप कोणीं केव्हां चालवावयाचा, हें माझा चुलत भाऊ आणि मी फोनवर ठरवितों. गेल्या वैशाखांत त्यानें आपले दोन दिवस, न मागतां, आमच्याकडे सोडले.