दीड वीत

गेल्या मे महिन्यात मुरूडच्या किनाऱ्यावर आमची नात हातातल्या फोनकडे पाहून ओरडली, "आजोबा, आपण बुडालो! उणे साठच्याही खाली!" लाटा पायांशी घोटाळत होत्या, आणि उपग्रहाच्या हिशेबाने आम्ही सारे कुटुंब समुद्रसपाटीखाली वीस मजले! सगळे हसले. मलाही हसू आले, पण जरा उशिरा. या उण्या आकड्याने एकदा माझी चांगली खोड मोडली आहे.

नोकरीत मी कालव्यांची मोजणी करीत असे. २००८ च्या उन्हाळ्यात देशावरच्या एका पूर्वेकडे जाणाऱ्या कालव्याचे १२ किलोमीटर माझ्या वाट्याला आले. जमीन तव्यासारखी सपाट. उतार किलोमीटरला अवघा १० सेंटिमीटर. उपग्रहाचे यंत्र नवे आलेले. तिपाईवर ठेवावे, थोडे थांबावे, की उंची हाती! लेव्हल लावून, पुढे-मागे पट्टी धरून, मुंगीच्या पावलांनी चालायला आता कोण बसतो? पण आमचे जुने खलाशी तात्या म्हणाले, "साहेब, एकदा लेव्हल फिरवून घेऊ. पाण्याला यंत्र कळत नाही." मी होकार दिला तो केवळ त्यांचा मान राखण्यासाठी.

शेवटच्या खुंटावर दोन हिशेबांत ३६ सेंटिमीटरांचा फरक आला. तात्यांनी बोटे ताणून तो पट्टीवर दाखवला : दीड वीत. मी त्यांना पुन्हा पाठवले. पुन्हा तेच. तेव्हा मी चारचौघांत त्यांच्या डोळ्यांवर ठपका ठेवला. ते काही बोलले नाहीत. एप्रिलच्या उन्हात, डबा न सोडता तिसऱ्यांदा निघाले. आकडा हलला नाही.

त्या रात्री पुस्तक उघडले. उपग्रह उंची मोजतो ती ध्रुवांशी चपट्या अशा एका गणिती, गुळगुळीत गोलापासून. पाणी मात्र गुरुत्वाकर्षणाचे ऐकते. पृथ्वीच्या पोटात कुठे जड, कुठे हलके द्रव्य. म्हणून शांत समुद्राची पातळीसुद्धा उंचसखल असते. तीच कल्पनेने जमिनीखाली वाढवली की तिला जिऑइड म्हणतात. भारताच्या दक्षिणेस हिंदी महासागरात ती त्या गोलाच्या सुमारे १०६ मीटर खाली आहे, मुरूडला साठ-पासष्ट. नुसती खाली असती तर एक आकडा मिळवून भागले असते. पण ती कलतीही असते. आमच्याकडे तिचा कल पूर्वेला किलोमीटरमागे ३ सेंटिमीटर होता, आणि तेवढा फुकटचा उतार माझ्या हिशेबात मिसळला होता. मी १० समजत होतो, पाण्याला ७ च मिळाले असते. टेलच्या गावांनी मग कोणाच्या नावाने बोटे मोडली असती?

मग जुने बेंचमार्क शोधत फिरलो. १९०९ साली मुंबई, कारवार धरून नऊ बंदरांच्या सरासरी समुद्रपातळीला बांधलेल्या जाळ्यातून आलेल्या या उंची. कुठे देवळाचा ओटा, कुठे पुलाचा कठडा. एकावर तर म्हैस बसलेली. प्रत्येकावर उपग्रहाचे यंत्र ठेवले. दोन उंचींची वजाबाकी हा त्या जागेचा फरक. अशा अकरा फरकांवर एक कलता पृष्ठभाग बसवला आणि मुद्दाम बाजूला ठेवलेल्या दोन जागांवर ताडून पाहिला. २ सेंटिमीटरांच्या आत जमला. आता मधल्या कुठल्याही शेतात यंत्र ठेवावे आणि तिथला फरक लावून घ्यावा. मात्र एखादा बेंचमार्क खचलेला असेल, तर पृष्ठभागही खोटा. तसा एक निघालाच, आणि तोही तात्यांच्या लेव्हलनेच पकडला.

पाणी सुटले तेव्हा तात्या निवृत्त झाले होते. मी त्यांना जीपमधून टेलला घेऊन गेलो. तिन्हीसांजेला पाणी पोचले. ते वाकले, वीत बुडवून पाहिली आणि म्हणाले, "आलंय."

परतताना मी धीर करून त्या चारचौघांतल्या बोलण्याचा विषय काढला.

"साहेब," तात्या म्हणाले, "जरा सावकाश घ्या. पुढं खड्डा आहे."