आलोचना कुणापुढं करायची?

आमच्याकडं भांड्याला येणाऱ्या मावशींचा खाडा कधी नसतो. सकाळी मी बस्तीतून दर्शन घेऊन येते तोवर त्यांनी अंगण झाडून पाणी मारलेलं असतं. गेल्या उन्हाळ्यात एक दिवस आले, तर अंगण तसंच होतं आणि मावशी पायरीवर बसलेल्या.

"पोरगं रात्री घराकडं आलं न्हाई वैनी. जीप आलती. चौकशीला नेतो म्हणाले. कुठं नेलं ते कोणच सांगंना."

मावशींचा मुलगा रिक्षा चालवतो. त्याच्या स्टँडजवळचं एक दुकान फुटलं होतं आणि त्या रात्री त्याची रिक्षा तिथंच उभी होती, एवढंच त्यांना कळलेलं. मी हातातलं ताट आत ठेवलं आणि चप्पल घातली. आमचे हे म्हणाले, "दुकानदारीत पोलिसांशी रोज गाठ पडते. तू कशाला मध्ये पडतीस?" त्यांचंही खोटं नव्हतं. पण मावशींच्या तोंडाकडं बघून मला घरात बसवेना.

ठाण्यात एका बाकावर आम्ही दोघी दोन तास बसून होतो. "असा कुणी इथं नाही," असं आधी ऐकायला मिळालं. मग, "साहेब आल्यावर बघू." मी म्हटलं, अर्ज देते. अर्ज कन्नडात लिहिला, कारण मला ते येतं. आमच्या जैन घरांत निम्मं बोलणं कन्नड, निम्मं मराठी. मावशींना मात्र मराठी अक्षरंच जेमतेम येतात. त्यांनी सही करायला पेन घेतलं आणि विचारलं, "ह्यात काय लिवलंय वैनी?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की या बाईच्या मुलाबद्दल जो काही कागद होईल, तो तिला कधीच वाचता येणार नाही. तिथल्या एका पोलीस पोरीनं मावशींना पाणी आणून दिलं. तिचे डोळे जागरणानं लाल झाले होते. तीही कुणाची तरी लेकच.

अर्जाची पोच मागितल्यावर सगळ्यांच्या हालचाली बदलल्या. संध्याकाळी मुलगा घरी आला. त्याच्या तळपायांना सूज होती. चप्पल हातात घेऊन तो भिंतीला धरून चालत होता. त्याला आणल्याची नोंद नव्हती, सोडल्याचीही नव्हती. कागदोपत्री तो त्या रात्री आपल्या घरीच झोपला होता. चोर दुसराच कुणी निघाला, हेही नंतर कळलं. "चुकलं" असं कुणी म्हणालं नाही.

त्या रात्री प्रतिक्रमणाला बसले, पण मन लागेना. लहानपणी आमच्या आज्जीला मी विचारलं होतं, "चूक मनातल्या मनात कबूल केली तर चालत नाही का? गुरूंपुढं कशाला सांगायची?" आज्जी म्हणाली होती, "मनातल्या मनात आपण स्वतःला लगेच माफ करतो गं." आपल्या शास्त्रात आलोचनेचे दहा दोष सांगितलेत. प्रवचनात आपण ते ऐकतो आणि विसरतो. त्यातला एक 'दृष्ट', म्हणजे लोकांनी बघितली तेवढीच चूक सांगायची, न दिसलेली झाकायची. दुसरा 'शब्दाकुलित', म्हणजे गलबल्यात सांगायची, म्हणजे ऐकणाऱ्याला नीट ऐकूच येऊ नये. आणि शेवटचा 'तत्सेवी'. जो गुरू स्वतः तीच चूक करतो, त्याच्यापुढं जाऊन सांगायची. तो प्रायश्चित्त हलकंच देणार, कारण उद्या त्यालाही तेच लागणार आहे.

पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसांकडंच द्यायची आणि चौकशीही त्यांनीच करायची, याला तत्सेवी नाही तर काय म्हणायचं? यात पोलीस मुळात वाईट असतात असं नाही. साधूंनासुद्धा जो नियम लावलाय, तो खाकी कपड्यातल्या माणसाला का नको, एवढंच माझं म्हणणं.

मग मी विचारपूस सुरू केली. भाचा वकिली करतो, त्याला सतावलं. त्यानं सांगितलं ते माझ्यासारख्या शिकलेल्या बाईलाही माहीत नव्हतं. प्रकाश सिंह नावाचे एक निवृत्त पोलीस महासंचालक सुप्रीम कोर्टात गेले होते. पोलीस खात्यावर बाहेरच्यांची नजर हवी, आणि राजकारण्यांच्या दाबातून पोलिसांचीही सुटका हवी, हे मागणारा माणूस आयुष्यभर खाकीत वावरलेला होता! २२ सप्टेंबर २००६ ला कोर्टानं सगळ्या राज्यांना हुकूम दिला. त्यात एक कलम असं, की राज्यात आणि जिल्ह्याजिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नेमा. जिल्ह्याच्या प्राधिकरणावर निवृत्त जिल्हा न्यायाधीश असावा. कोठडीत मृत्यू, गंभीर इजा, बलात्कार, पैसे उकळणं, घर-जमीन बळकावणं, अधिकाराचा मोठा गैरवापर अशा तक्रारी त्यानं ऐकाव्यात. कर्नाटकानं २०१२ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती करून अशी प्राधिकरणं कायद्यात आणली, महाराष्ट्रानं २०१४ साली. पण कायदे करताना बऱ्याच राज्यांनी त्या खुर्च्यांवर निवृत्त न्यायाधीशांऐवजी नोकरीतले अधिकारीच बसवले. म्हणजे तत्सेवी पुन्हा मागच्या दारानं आत आला.

दूरच्या देशांतही हे सोपं गेलेलं नाही. न्यूयॉर्क शहरात १९९३ पासून पोलिसांवरच्या तक्रारी ऐकणारं मंडळ नागरिकांचं आहे. तरी शिक्षेचा शेवटचा शब्द तिथंही पोलीस आयुक्तांचाच.

आम्ही हिंडलग्याची माणसं. नाव सांगितलं की समोरचा पहिलं विचारतो, "जेलजवळ का?" त्या जेलबद्दलही भाच्यानं एक गोष्ट सांगितली. इंग्रजांच्या १८९४ च्या तुरुंग कायद्यातच बाहेरच्या माणसांनी तुरुंगाला भेट देऊन पाहणी करायची सोय होती. आजही तुरुंगांना सरकारी नोकर नसलेले अभ्यागत नेमता येतात. म्हणजे शिक्षा झालेल्या माणसाला बघायला बाहेरचा माणूस जाऊ शकतो, आणि ज्याच्यावर अजून आरोपही नाही असा मावशींचा मुलगा रात्रभर कुठं होता, हे कुणी बघायचं नाही!

आमच्या गावात आणखी एक जागा आहे, हुतात्मा स्मारक. १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात नऊ जण गेले, त्यांचं. दर वर्षी १ जूनला तिथं फुलं वाहिली जातात. त्याच्याही आधी, १९५६ च्या सीमालढ्यात, निपाणीच्या कमळाबाई मोहिते गेल्या. एप्रिल १९८१ मध्ये निपाणीतच तंबाखूचा भाव मागणारे शेतकरी गोळीबारात मारले गेले. हुतात्म्यांची नावं आपल्याला पाठ असतात. गोळी झाडायचा हुकूम बरोबर होता का, हे कुणी आणि कुणापुढं तपासलं, हा प्रश्न मात्र मी आमच्या घरात कधी ऐकला नाही. आपण फुलं वाहतो आणि घरी येतो.

आता जे सांगायचं, ते मला जड जातंय.

जुलै २०२३ मध्ये चिक्कोडी तालुक्यातल्या हिरेकोडीच्या आश्रमातून आचार्य कामकुमारनंदी महाराज नाहीसे झाले आणि त्यांची हत्या झाल्याचं कळलं. आपल्या घराघरांत चूल पेटली नव्हती, हे तुम्हाला आठवत असेल. पोलिसांनी दोन आरोपींना लगेच पकडलं. तरी आपलं समाधान नव्हतं. तपास बाहेरच्या यंत्रणेकडं द्या, सीबीआयकडं द्या, अशी मागणी झाली. सरकारनं तो सीआयडीकडं सोपवला. त्या दिवसांत मीही मूकमोर्चात चालले. पायाला फोड आले, पण थांबले नाही. तेव्हा आपल्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं, की तपासावर दुसऱ्याची नजर असावी. आपला माणूस गेला की हे आपोआप सुचतं.

त्याच वर्षी डिसेंबरात, बेळगावहून निपाणीकडं जाताना काकतीच्या पुढं लागणाऱ्या वंटमुरीत, एका आईला घरातून ओढून काढलं, विवस्त्र केलं आणि खांबाला बांधलं. मुलगा एका मुलीला घेऊन पळून गेला, एवढाच तिचा 'गुन्हा'. इकडं बेळगावात सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरलं होतं. हायकोर्टानं कुणाच्या अर्जाची वाट न बघता स्वतःहून प्रकरण हातात घेतलं आणि पोलीस आयुक्तांना जाब विचारला. मुख्य न्यायमूर्ती होते प्रसन्न वराळे, आपल्या निपाणीत जन्मलेले. पोलीस निरीक्षकाला निलंबित केलं गेलं. पण कोर्ट पोलिसांवरच थांबलं नाही. एवढी माणसं बघत उभी राहिली आणि एकच जण वाचवायला पुढं आला, यावरही त्यांनी बोट ठेवलं.

मी ती बातमी चहा पिताना वाचली. "काय बाई लोक!" म्हटलं आणि पेपर घडी करून ठेवला. जुलैत मैलोन्‌मैल चाललेले माझे पाय डिसेंबरात उंबऱ्याबाहेरसुद्धा पडले नाहीत. ती आपल्यातली नव्हती ना! मग बघत उभ्या राहिलेल्या गर्दीत आणि माझ्यात फरक तो काय? ही चूक कुणी बघितली नव्हती. म्हणून तर इथं सांगतेय. नाहीतर तोच पहिला दोष, 'दृष्ट'.

मावशींकडं परत येते. मी भाच्याकडून तक्रारीचा मसुदा करून घेतला. मराठीत. आपल्या राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानं कुणालाही आपलं गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्यापुढं मांडता येतं, हेही नव्यानंच कळलेलं. मोठ्या उत्साहानं मी तो मावशींना वाचून दाखवला. त्यांनी पदराला हात पुसले आणि सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर लिवलंय वैनी. पर ऱ्हाऊ दे."

"का? भ्यायचं काय त्यात?"

"तुमी घरात बसता. माझं पोरगं रोज त्याच चौकात रिक्षा लावतं."

मी पुढं बोलले नाही. धीर धर म्हणून सांगणं सोपं असतं. तो धीर दुसऱ्याला आपल्या पोटच्या पोराच्या तळपायांवर मोजावा लागतो. कायद्यात प्राधिकरण असलं, तरी तिथवर जाणारी वाट त्याच चौकातून जाते. मसुदा माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवलाय. मावशी म्हणतील तेव्हा काढीन, नाही म्हणाल्या तर तिथंच राहील.

पण भाच्याच्या बोलण्यातल्या एका गोष्टीनं माझी पाठ सोडली नाही. १९९६ च्या डिसेंबरात डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टानं अटकेचे नियम घालून दिले. अटक करताना तारीख-वेळेसह कागद करायचा, घरच्यांना किंवा ओळखीच्या कुणाला तरी कळवायचं, आणि त्या कागदावर साक्षीदाराची सही हवी. घरच्या माणसाची, किंवा त्या भागातल्या एखाद्या प्रतिष्ठित व्यक्तीची. ही प्रतिष्ठित व्यक्ती कोण? मी इतकी वर्षं समजत होते, आमदार, सावकार, गावचे पाटील. अहो, ती तुम्ही-आम्ही आहोत! महिला मंडळाची अध्यक्ष, शाळेतल्या बाई, बस्तीचा हिशेब ठेवणाऱ्या काकू. २ डिसेंबर २०२० ला त्याच कोर्टानं प्रत्येक ठाण्यात, कोठडीतसुद्धा, कॅमेरे लावायला सांगितलं. ते नीट चालतात का हे बघायच्या जिल्हा समितीवर शहराचे महापौर किंवा जिल्हा पंचायतीचे अध्यक्ष असावेत, असंही सांगितलं. म्हणजे आपण मत देऊन निवडलेला माणूस. मत मागायला येतो तेव्हा आपण त्याला गटार आणि नळाचं पाणी विचारतो. ठाण्यातला कॅमेरा चालू आहे का, हे मी तरी कधी विचारलं नव्हतं. आता विचारते.

आमच्या मंडळात हळदीकुंकवाच्या दिवशी मी हे सगळं बोलले. आधी कुजबुज झाली. एक वहिनी म्हणाल्या, "आपल्यासारख्या बायकांनी ठाण्याची पायरी चढायची?" त्यावर आमच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आत्ती म्हणाल्या, "आपल्यासारख्यांनीच चढायची. आपल्याला खुर्ची तरी देतात." मग ठरलं ते एवढंच: आपल्या घरी कामाला येणारी, भाजी विकणारी, शेजारची, कुठल्याही जातीची बाई ठाण्यात जायची असेल, तर तिच्याबरोबर मंडळातल्या दोघींनी जायचं. भांडायचं नाही. अर्ज तिला कळेल त्या भाषेत लिहायचा, तिला वाचून दाखवायचा, पोच घ्यायची आणि ती बाहेर येईपर्यंत बाकावर बसून राहायचं.

आतापर्यंत तीनदा जाऊन आलो. एकदा नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार होती, दोनदा हरवलेल्या माणसाची. तिन्ही वेळा पोच मिळाली. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ती लाल डोळ्यांची पोलीस पोरगी तिथं होती. तिनं मला ओळखलं आणि न विचारता बाक पुढं सरकवला.

भाद्रपदात दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी आपण घरोघर जाऊन क्षमा मागतो. त्या वर्षी मी आधी मावशींपुढं हात जोडले. त्या गडबडल्या, "तुमी काय केलं वैनी?" म्हणाल्या. मी काही केलं नव्हतं, तेच तर सांगायचं होतं. शब्द सापडेनात. मावशींनी माझे जोडलेले हात खाली केले, आणि "पोरगं आज रिक्षा घेऊन निपाणीला गेलंय, रातच्याला येतंय," असं म्हणत अंगण झाडायला घेतलं.