बसल्टनच्या धक्क्यावर माकूळ

मुलाकडे किंवा लेकीकडे पर्थला जाणार असाल, तर एक संध्याकाळ बसल्टनसाठी राखून ठेवा. पर्थच्या दक्षिणेस सुमारे २२० किलोमीटरवर हे गाव आहे. येथील उपसागर इतका उथळ, की लाकूड नेणारी मोठी जहाजे किनाऱ्याला लागूच शकत नसत. म्हणून १८६५ मध्ये वापरात आलेला लाकडी धक्का पुढे वाढवत वाढवत १८४१ मीटरपर्यंत नेला गेला. आता जहाजे येत नाहीत. येतात ते फिरणारे आणि माकूळ धरणारे.

टोकापर्यंत जाऊन परतलात, की साडेतीन किलोमीटरांहून अधिक चाल होते. गुडघे कुरकुरत असतील, तर एका बाजूने धक्क्यावरची छोटी रेल्वे घ्यावी. तिच्या वेळा आधी पाहून ठेवाव्यात. वारा मात्र चुकत नाही. कानटोपी आणि न घसरणारी पादत्राणे हवीतच, आणि अंधार पडू लागताच नातवंडाचा हात सोडू नये.

तळाशी समुद्री गवताची कुरणे आहेत. त्यांत माकूळ दबा धरून असतो. त्याला आमिष लागत नाही. कोळंबीच्या आकाराचा, शेपटाशी सुयांचे कडे असलेला रंगीत गळ पुरतो. तो गवताच्या जरा वर येईपर्यंत बुडू द्यावा, काठी दोनदा वर उचलावी आणि पुन्हा थांबावे. बहुतेक वेळा माकूळ झडप घालतो तो गळ खाली उतरत असताना. मासा हिसका देतो. येथे मात्र ओले फडके अडकल्यासारखा केवळ भार जाणवतो. या सुयांना मासळीच्या गळासारखा उलटा काटा नसतो, म्हणून दोर सैल पडला की माकूळ निसटलाच! सावकाश, न थांबता ओढावे. पाण्याच्या पृष्ठाशी आल्यावर त्याला शाई तेथेच सोडू द्यावी, नाहीतर ती शेजाऱ्याच्या सदऱ्यावर उडते. लाकडावरचे काळे डाग पाहिलेत, की कालच्या मंडळींना कोठे यश आले ते कळते.

या थांबण्यातच मला खरा लाभ दिसतो. बोटांच्या टोकांवर लक्ष एकवटते आणि नातवंड तासभर पडद्याविना शेजारी उभे राहते. त्याला सांगा, की या प्राण्याला तीन हृदये असतात, रक्त निळसर असते आणि आयुष्य जेमतेम वर्षाचे. किती धरावेत याला तेथे शासकीय मर्यादा आहे. पण घरच्या जेवणाला पुरतील तेवढ्यांवर थांबणे अधिक शोभते.

पथ्याचेही पाहू. कच्च्या १०० ग्रॅम माकुळात सुमारे १५ ग्रॅम प्रथिने असतात, चरबी दोन ग्रॅमहून कमी; कोलेस्टेरॉल मात्र २०० मिलिग्रॅमच्या वर. हृदयरोग्यांनी डॉक्टरांना विचारावे. कोळंबी किंवा तिसऱ्यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी चवही घेऊ नये. पिठात बुडवून तळलेली वेटोळी आपण हॉटेलात खातो, तिथे हा हलकेपणा संपतो.

घरी आतला काचेसारखा पारदर्शक दांडा ओढून काढावा, शाईची पिशवी न फोडता पोट साफ करावे, तुकडे तापल्या तव्यावर दोन मिनिटे परतावे. त्याहून अधिक शिजले तर रबर होते. मग ओल्या खोबऱ्याच्या वाटणात अर्धा-पाऊण तास मंद आचेवर ठेवावे, म्हणजे पुन्हा मऊ पडते.